नवेगांवचा बांध आणि बियाण्याची पिशवी

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत नवेगांव बांध हें गांव आहे. त्याच्या नांवांतील 'बांध' हा शब्द शोभेसाठीं जोडलेला नाहीं. बांध आहे म्हणून गांव आहे. टेकड्यांमधल्या खिंडी माती-दगडांनीं बुजवून अडविलेलें तेथील पाणी सुमारें ४ चौरस मैल पसरलेलें असून, अठराव्या शतकाच्या प्रारंभीं कोलू पाटील कोहळी ह्या पुरुषानें हें तळें बांधलें असें परंपरा सांगते. सभोंवारच्या टेकड्यांस लोक 'सात बहिणी' म्हणतात. त्या बहिणींच्या दैवी साहाय्यानें काम तडीस गेलें अशी श्रद्धा आहे. आणि पुढें लोकांनीं खुद्द कोलू पाटलासच कोलासुर देव करून बांधाशेजारच्या शिखरावर त्याचें ठाणें केलें. १९७५ सालीं येथलें अरण्य राष्ट्रीय उद्यान झालें, २०१३ सालीं तें नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट झालें, आणि मारुती चितमपल्ली ह्यांच्या लेखणीनें येथलें पक्षिवैभव मराठी वाचकांच्या ओळखीचें करून ठेविलें. आम्हीही गेल्या हिवाळ्यांत तेथें गेलों ते पक्षी पाहण्याच्या निमित्तानेंच. परंतु परत येतांना मनांत घर करून राहिला तो एका शेतकऱ्याचा प्रश्न.

बाजारांतल्या एका दुकानापुढें एक वृद्ध शेतकरी उन्हाळी धानाच्या बियाण्याची पिशवी उलटसुलट करून पाहत उभा होता. आमचा चष्मा व वेष पाहून आम्ही शिकलेले असूं असा त्यानें तर्क केला आणि पिशवी आमच्या हातीं देऊन म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचून द्या जी." बारीक इंग्रजी अक्षरांतला तो मजकूर आम्हीं वाचला व त्यास समजाविला: शंभर दाण्यांतले निदान ८० उगवतील, शुद्धता ९८ टक्के आहे, अमक्या तारखेपर्यंत वापरावें, इत्यादि. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "हे तं ठीक आहे, पण फसलं तं कोनाले विचाराचं?" पिशवीवर एका दूरच्या शहराचा पत्ता होता. तो वाचून दाखविण्यापलीकडे आमच्याजवळ उत्तर नव्हतें. इतिहासाचें अध्यापन करण्यांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास ही गोष्ट लागून राहिली. कारण नीट पाहिलें तर हा प्रश्न इतिहासाचाच आहे. विश्वास ठेवावयाचा तो कोणावर, आणि तो ढळला तर जाब कोणास विचारावयाचा, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें झाडीपट्टीनें पूर्वीं एका रीतीनें दिलीं होतीं. तीं आज कां पुरत नाहींत, हें पाहण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

पहिलें उत्तर त्या बांधाच्या पाळीवरच उभें आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या प्रदेशांत गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी व इतर शेतकरी जातींनीं बांधलेलीं तळीं सहा हजारांहून अधिक आहेत. ज्यानें तळें बांधलें त्यास खालच्या जमिनीचा लाभ मिळे, म्हणजे धर्मार्थ असें हें काम केवळ नव्हतें. त्यांत व्यवहार होता, नफा होता. इंग्रजी अमलांत १८६० नंतरच्या जमाबंदींत मालगुजारांस मालकी हक्क मिळाले आणि हीं तळीं 'मालगुजारी तलाव' म्हणून ओळखलीं जाऊं लागलीं. तरीही पाणी कोणाच्या बांधींत कोणत्या क्रमानें जावयाचें, हें मालकाच्या लहरीवर नव्हतें. 'वाजिब-उल-अर्ज' नांवाच्या ग्रामपत्रकांत गांवच्या चालीरीतींबरोबर पाण्याचे हक्कही लिहून ठेवलेले असत.

हा काळ म्हणजे रामराज्य होतें असें मात्र कोणीं समजूं नये. मालगुजारींत बेगार होती, जातीचा जाच होता, आणि ज्यांच्या डोक्यांवरून मातीच्या पाट्या वाहिल्या गेल्या त्यांचीं नांवें कोणत्याही शिखरावर पूजिलीं जात नाहींत. पण तळ्याच्या व्यवहारांत विश्वास टिकून राहिला तो कशामुळें, हें पाहिलें म्हणजे तीन गोष्टी दिसतात. पहिली, लाज: तळें बांधणारा व त्याचा वंश त्याच गांवांत राही, पाळ फुटली तर त्याचेंही घर वाहून जाई. दुसरी, लेख: हक्क कागदावर होता आणि तो कागद गांवाचा होता. तिसरी, पारख: पाळीला भेग पडली, सांडवा खचला, तर तें पाहण्यास कोणा तज्ज्ञाची जरूर नसे, गुराख्याचें पोरही तें येऊन सांगे. लाज, लेख आणि पारख ह्या तिवईवर विश्वास उभा असतो. एक पाय मोडला तर दुसरे दोन जड करून कांहीं काळ तोल सांभाळतां येतो. तिन्ही मोडले म्हणजे उरते ती केवळ जाहिरात.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली आणि १९५१ मध्यें तळीं सरकारजमा झालीं. ती सुधारणा न्याय्य होती. परंतु तिच्याबरोबर एक पाय लटका झाला. गाळ कोणीं काढावा व पाणीपट्टी कोणीं द्यावी, ह्या वादांत कित्येक तळीं उथळ होत गेलीं. मालकी बदलली कीं जबाबदारी आपोआप बदलत नाहीं, हा धडा झाडीपट्टी तेव्हांच शिकली. बियाण्याच्या बाबतींत तोच धडा पुन्हा शिकावा लागला.

बियाणें हें तळ्याहूनही जुनें धन. चिन्नोर, हिरानक्की अशा धानाच्या जाती ह्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या राखल्या गेल्या. चांगल्या लोंब्या वेगळ्या काढावयाच्या, वाळवून कणगींत ठेवावयाच्या, आणि शेजाऱ्यानें मागितलें तर मापास माप देऊन बदलून घ्यावयाचें, अशी ही रीत. येथें पारख घरच्या म्हातारीच्या बोटांत होती, आणि लाज शेजाऱ्याच्या बांधावर उभी होती. म्हणून लेखाची उणीव कोणास भासली नाहीं. ती उणीव केवढी महाग पडते, हें ज्या एका मनुष्याच्या चरित्रांत दिसतें त्याचें नांव दादाजी खोब्रागडे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड ह्या खेड्यांत दादाजींची दीड एकर शेती होती. शिक्षण प्राथमिक शाळेंतच थांबलेलें. १९८३ च्या सुमारास 'पटेल-३' ह्या धानाच्या शेतांत त्यांस तीन लोंब्या इतरांहून निराळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनीं त्या जपून ठेवल्या, पुढल्या वर्षीं वेगळ्या पेरल्या, आणि वर्षामागून वर्ष निवड करीत एक बारीक, चवदार व भरपूर पिकणारें वाण सिद्ध केलें. १९९० च्या सुमारास तें बाजारांत आलें तेव्हां त्यास नांव नव्हतें. त्या काळीं एचएमटीचें मनगटी घड्याळ लोकांच्या कौतुकाचा विषय होतें, म्हणून व्यापाऱ्यानें धानासही 'एचएमटी' म्हटलें. तो तांदूळ पुढें महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, आंध्र अशा अनेक प्रांतांत पसरला. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं तो शिजला असेल. आमच्याकडे कित्येक वर्षें शिजत होता, आणि नांवावरून तो कोण्या कारखानदाराचा असावा अशीच आमची समजूत होती.

१९९४ सालीं पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील संशोधन केंद्राकडून प्रयोगासाठीं म्हणून दादाजींकडून बियाणें नेण्यांत आलें, आणि १९९८ सालीं 'पीकेव्ही-एचएमटी' ह्या नांवानें विद्यापीठाचें वाण प्रसृत झालें. दादाजींस श्रेय मिळालें नाहीं. विद्यापीठाचें म्हणणें असें कीं मूळ बियाणें मिश्र होतें, तें शुद्ध करण्याचें शास्त्रीय काम आम्हीं केलें. शुद्धीकरण हें खरोखरीच काम आहे. तें आम्ही नाकारीत नाहीं. पण सोनाराने दागिना उजळून दिला म्हणून तो त्याच्या मालकीचा होत नाहीं, हा न्याय खेड्यांतलें लहान मूलही जाणतें. २००५ सालीं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानें दादाजींचा गौरव केला. २०१० सालीं 'फोर्ब्स' ह्या अमेरिकन नियतकालिकानें भारतांतल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादींत त्यांचें नांव घातलें. दीड एकराचा धनी मात्र शेवटपर्यंत अडचणींतच राहिला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दादाजींचें श्रेय ज्यांच्या हातून हरवलें ती नफ्यासाठीं चालणारी कंपनी नव्हती. जनतेच्या पैशावर, शेतकऱ्यांच्या हितासाठीं स्थापन झालेली विद्या-संस्था होती. तेव्हां नीतिमत्तेचा प्रश्न 'खाजगी वाईट, सरकारी चांगलें' अशा सोप्या विभागणींत बसत नाहीं. बियाणें देतांना दादाजींनीं लेख घेतला नाहीं, कारण त्यांच्या जगांत तो कधीं लागलाच नव्हता. आणि घेणाराच्या जगांत लेखावांचून कशासच किंमत नव्हती. दोन जगांच्या सीमेवर साधा मनुष्य लुबाडला जातो तो असा.

आतां कंपन्यांकडे वळूं. 'कंपनी' ह्या शब्दास विदर्भांत जुना वास आहे. नागपूरचें भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा केलें तें 'कंपनी सरकार'नेंच. तरी बियाण्याच्या एका मराठी कंपनीचा जन्म विश्वासांतूनच झाला, हें कबूल केलें पाहिजे. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं जालन्यास 'महाराष्ट्र हायब्रिड सीड्स', म्हणजे लोकांच्या तोंडीं 'महिको', ही संस्था काढली. ज्वारी, बाजरी, कपाशी ह्यांचीं संकरित बियाणीं त्यांनीं शेतकऱ्यांपर्यंत पोंचविलीं आणि जालना ही बियाण्याची पेठ झाली. १९९८ सालीं बारवाल्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. त्याच साली अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीनें महिकोचा सुमारें चौथा हिस्सा विकत घेतला, आणि कापसाच्या इतिहासांतलें नवें प्रकरण सुरू झालें.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या मातींत राहणाऱ्या जंतूचें एक जनुक कपाशींत घातलें कीं झाडाच्या अंगींच बोंडअळीस मारक असें द्रव्य तयार होतें. हीच बीटी कपाशी. २६ मार्च २००२ रोजीं केंद्रीय समितीनें महिकोच्या तीन संकरित वाणांस परवानगी दिली. त्या आधींच, २००१ मध्यें, परवानगीवांचून विकलेली बीटी कपाशी गुजरातेंत शेतांत उभी सांपडली होती, आणि ती उपटून जाळण्याच्या हुकुमाविरुद्ध शरद जोशींची शेतकरी संघटना उभी राहिली होती. म्हणजे शेतकऱ्यांवर हें तंत्र केवळ लादलें गेलें, असेंही म्हणतां येत नाहीं. १९९० च्या दशकांत हिरवी बोंडअळी कोणत्याच औषधास दाद देईनाशी झाली होती. त्या अळीपासून सुटका देणारें बियाणें शेतकऱ्यानें हात पसरून घेतलें. भारतांतील रुईचें उत्पन्न २००२ च्या आधीं हेक्टरीं सुमारें ३०० किलो होतें, तें पांच-सहा वर्षांत ५०० च्या वर गेलें. ह्यांत पाणी, खत व चांगला पाऊस ह्यांचाही वांटा होता. पण बीटीचा वांटा शून्य होता असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. त्याचप्रमाणें विदर्भांतील प्रत्येक शेतकरी-आत्महत्येचें खापर एका बियाण्यावर फोडणेंही खरें नव्हे. कर्ज, कोरडवाहू जमीन व पडलेले भाव हीं कारणें बीटीच्या आधींपासून तेथें ठाण मांडून होतीं.

मग विश्वास ढळला तो कोठें? आमच्या मतें तीन ठिकाणीं.

पहिलें ठिकाण किमतीचें. आरंभीं एका एकराच्या पाकिटास सोळाशें रुपयांच्या आसपास पडत, आणि त्यांतला मोठा भाग जनुकाच्या हक्काबद्दल कंपनीकडे जाई. २००६ सालीं आंध्र प्रदेश सरकारनें मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली आणि पाकिटाची किंमत साडेसातशांवर आली. पुढें केंद्रानें २०१६ पासून किंमत सर्व देशासाठीं ठरवून दिली. त्या वर्षीं ८०० रुपयांच्या पाकिटांत हक्काची रक्कम ४९ रुपये धरली गेली. आतां साधा मनुष्य विचारतो कीं, जें साडेसातशांत देतां येत होतें त्याचे सोळाशें कां घेतले? ह्यास संशोधनाचा खर्च हें उत्तर असूं शकेल. परंतु तें उत्तर हिशेब मांडून आधींच दिलें असतें तर त्यास वजन आलें असतें. न्यायासनापुढें ओढल्यावर दिलेलें उत्तर हें उत्तर न राहतां बचाव ठरतें.

दुसरें ठिकाण संकरित वाणाचें. बीटीचें जनुक सरळ वाणांतही घालतां येतें. सरळ वाणाची सरकी राखून शेतकरी पुढल्या वर्षीं पेरूं शकतो. जगांतल्या बहुतेक कापूस-देशांत तसेंच आहे. भारतांत मात्र बीटी आली ती जवळ जवळ संपूर्णपणें संकरित रूपांत, आणि संकरिताचें बियाणें दरवर्षीं नवें विकत घ्यावें लागतें. हा निर्णय निसर्गानें केलेला नव्हता, व्यापारानें केलेला होता. त्यामुळें कणगी रिकामी झाली आणि म्हातारीच्या बोटांतली पारखही गेली. हीं संकरित वाणें लांब मुदतीचीं असल्यानें, आणि पाणी असेल तेथें फरदड घेण्याची चाल वाढल्यानें, शेंदरी बोंडअळीस वर्षांतले अधिकाधिक महिने अन्न मिळूं लागलें.

तिसरें ठिकाण सर्वांत महत्त्वाचें, कारण तें सांगण्या-न सांगण्याचें आहे. बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची एक लहान पुडी येई. शेताच्या कडेनें निदान पांच ओळी किंवा विसांश नव्हे तर पंचमांश क्षेत्र ती पेरावी, म्हणजे कांहीं अळ्या साध्या राहतील, त्यांचा संकर विष पचविणाऱ्या अळ्यांशीं होईल, आणि अळींची सहनशक्ति लवकर वाढणार नाहीं, असा त्यांतला शास्त्रार्थ. परंतु चार एकरांच्या धन्यास पंचमांश शेत अळीस वाढून ठेवा म्हणून सांगावयाचें, तर त्याचें कारण त्याच्या भाषेंत, त्याच्या अंगणांत बसून समजावून द्यावयास हवें होतें. तें क्वचितच झालें. पुड्या बांधावर फेकल्या गेल्या. विकणारांस तें ठाऊक होतें, सरकारास तें ठाऊक होतें, आणि विक्री चालूच राहिली. २०१० सालीं मोन्सॅन्टोनें स्वतःच जाहीर केलें कीं गुजरातच्या चार जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी पहिल्या बीटीस दाद देत नाहीं. ही कबुली दिल्याबद्दल कंपनीस तिचें श्रेय दिलें पाहिजे. पण त्याच श्वासांत उपाय म्हणून पुढें केलें गेलें तें कंपनीचेंच दुसरें, दोन जनुकांचें बियाणें. आणि कांहीं वर्षांत अळीनें तेंही पचविलें. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत बोंडें फोडून पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या हातीं शेंदरी अळ्याच लागल्या. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसें दगावलीं. ज्या बियाण्यानें फवारणी कमी होईल असें सांगितलें होतें, त्याच्याच शेतांत हें घडलें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत त्या वर्षीं कापूस वेंचणीस गेलाच नाहीं. उभ्या पिकांत गुरें सोडलीं. घरधनी आम्हांस म्हणाला कीं, नुकसानीचें दुःख आहेच, पण आपणांस कोणी आधीं कांहीं बोललें नाहीं ह्याचें अधिक आहे.

येथें सरकारी विद्येनें पुढें येऊन तोल सांभाळावयाचा होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें धारवाडच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें 'बिकानेरी नरमा' ह्या सरळ वाणाची बीटी कपाशी तयार केली. तिचें बियाणें स्वस्त, आणि राखून पेरतां येण्याजोगें. २००९ मध्यें ती शेतकऱ्यांच्या हातीं आली. लोकांस वाटलें, आतां आपली कपाशी आली. थोडक्याच दिवसांत तींत मोन्सॅन्टोचेंच जनुक आढळलें आणि विक्री बंद करावी लागली. पुढें ह्या प्रकरणाची चौकशी सुधीर सोपोरी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें केली. खाजगी दुकानावरचा विश्वास उडालेल्या गिऱ्हाइकास सरकारी दुकानांतही तोच माल मिळावा, ह्यापरता विश्वासघात कोणता?

तरी एक उदाहरण असें आहे कीं ज्यांत सरकारनें विश्वासाची रीत थोडी पाळली. ऑक्टोबर २००९ मध्यें बीटी वांग्यास समितीनें हिरवा कंदील दाखविला, तेव्हां पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनीं सात शहरांत जाहीर सभा घेऊन लोकांचें म्हणणें ऐकलें. त्यांत नागपूर हें एक होतें. शेतकरी, शास्त्रज्ञ, व्यापारी, वैद्य, सगळे आले. पुष्कळ आरडाओरडही झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजीं मंत्र्यांनीं ह्या पिकास स्थगिति दिली आणि आपलीं कारणें लेखी प्रसिद्ध केलीं. स्थगिति योग्य होती कीं अयोग्य, ह्यावर विद्वानांत अजून मतभेद आहेत. शेजारच्या बांगलादेशानें २०१३ सालीं तेंच वांगें स्वीकारलें. आम्ही महत्त्व देतों तें निर्णयास नव्हे, रीतीस. निर्णय करणारानें समोर बसून ऐकलें आणि कारण लिहून दिलें. लाज व लेख दोन्ही जागच्या जागीं होते.

जेथें ही रीत सुटते तेथें काय होतें, हें १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांत दिसलें. अकोट तालुक्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेच्या अनुयायांनीं तणनाशक सोसणाऱ्या, परवानगी नसलेल्या कपाशीची जाहीर पेरणी केली. कायदा मोडून तंत्रज्ञान मागणारे हे शेतकरी अडाणी नव्हते. निंदणीची मजुरी परवडत नाहीं, परवानगीचा खल वर्षानुवर्षें संपत नाहीं, आणि बाजारांत तर तें बियाणें चोरून मिळतेंच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु चोरून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर नांव नसतें, गांव नसतें, उगवणशक्तीचा आंकडा नसतो. अधिकृत शब्दावरचा विश्वास उडाला म्हणजे मनुष्य विश्वास ठेवणें थांबवीत नाहीं. तो अधिक बिनबुडाच्या जागीं ठेवूं लागतो. कंपन्यांच्या व सरकारच्या मौनाची खरी किंमत ही आहे, आणि ती शेवटीं भरतो तो ज्याच्याजवळ दुसरें कांहीं उरलेलें नाहीं तो.

इतिहास कधीं कधीं तारखांची अशी जुळणी करून ठेवतो कीं टीकाकारास कांहीं म्हणावयाचें उरत नाहीं. ३ जून २०१८ रोजीं दादाजी खोब्रागडे वारले. त्याच आठवड्यांत, ७ जून रोजीं, जर्मनीच्या बायर कंपनीनें मोन्सॅन्टो विकत घेण्याचा व्यवहार पुरा केला. किंमत सुमारें ६३ अब्ज डॉलर. एकानें आपलें बियाणें माणसांच्या भरंवशावर देऊन टाकलें होतें. दुसऱ्या व्यवहारांत प्रत्येक जनुकाचा लेख करून ठेवलेला होता.

आमचा वाचक कदाचित् म्हणेल कीं, हें कापसाचें पुराण झालें. धानाच्या नवेगांवास त्याचें काय? तर ४ मे २०२५ रोजीं केंद्रीय कृषिमंत्र्यांनीं जनुक-संपादनानें तयार केलेलीं धानाचीं दोन वाणें जाहीर केलीं. एक हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचें 'कमला', दुसरें दिल्लीच्या पुसा संस्थेचें. ह्या रीतींत परक्या जीवाचें जनुक घालावें लागत नाहीं. धानाच्याच जनुकांत फेरफार केला जातो, म्हणून २०२२ च्या आदेशानें असल्या पिकांस जुन्या कडक नियमांतून मोकळीक आहे. हीं वाणें कंपनीचीं नसून सरकारी संस्थांचीं आहेत, आणि त्यांच्यापासून उत्पन्न वाढेल व पाणी वांचेल असें सांगितलें जातें. आम्ही त्यांचें स्वागत करण्यास तयार आहों. परंतु कपाशीच्या अनुभवानें शहाणा झालेला मनुष्य तीन प्रश्न विचारणारच. ह्या तंत्रावर कोणाचा हक्क आहे, आणि त्याचें मोल पुढें कोणास द्यावें लागेल? परीक्षणाचे आंकडे कोणास, कोणत्या भाषेंत वाचावयास मिळतील? आणि पीक फसलें तर जाब कोण देईल?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कायद्यांत आहे, हें आम्हांस त्या दिवशीं दुकानापुढें आठवलें नाहीं, ह्याची आम्हांस लाज वाटते. २००१ च्या वनस्पतिवाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, बदलून घेण्याचा, आणि छाप न मारतां विकण्याचाही हक्क दिला आहे. त्याच कलमांत असेंही आहे कीं, नोंदणी झालेल्या वाणाचें बियाणें विकणारानें अमुक परिस्थितींत अमुक पीक येईल हें आधीं सांगितलें पाहिजे, आणि तसें न आल्यास शेतकरी नुकसानभरपाई मागूं शकतो. जगांत थोड्याच देशांत शेतकऱ्यास असा लेख मिळालेला आहे. परंतु वाजिब-उल-अर्ज गांवाच्या चावडींत असे. हा कायदा दिल्लींत आहे, इंग्रजींत आहे, आणि ज्याच्यासाठीं तो केला त्याच्या कानीं क्वचितच गेला आहे. पारख गेली ती परत येणार नाहीं. जनुक डोळ्यांस दिसत नाहीं. लाजेस दूरच्या शहरांत पत्ता नसतो. म्हणून आतां लेख हाच बळकट करावयाचा, आणि तो वाचून दाखविण्याचें काम शिकलेल्या वर्गाचें आहे. तो तांदूळ आम्ही खातों, तो कापूस आम्ही नेसतों. पाकीट मात्र दुसऱ्यानें वाचावें असें आजवर आम्हीं मानीत आलों.

नवेगांवाहून निघतांना आम्ही पुन्हा पाळीवर गेलों. तेथें पाळीच्या उतारावर एका जागीं मुरूम ताजा दिसत होता. पावसाळ्यांत तेथें झिरपा लागला होता, तो बुजविला, असें गुरें चारणाऱ्या एका मुलानें आपण होऊन सांगितलें. कोणी विचारलें नव्हतें. तळें गांवाचें आहे, म्हणून तें सांगणें त्यास आपलें काम वाटलें. आम्ही घरीं आल्यावर त्या कलमाचें मराठींत एक पानी टिपण केलें आणि तें त्या वृद्ध शेतकऱ्यास द्यावें म्हणून दुकानदाराच्या पत्त्यावर धाडलें. तें पोंचलें कीं नाहीं हें अजून कळलें नाहीं. पुढल्या हंगामापूर्वीं स्वतः जाऊन वाचून दाखवावें, असा बेत आहे.